सुलभाची बाजू

दिगंबर सामंत दरवर्षी लग्नाच्या वाढदिवसाला दापोलीच्या त्याच रिसॉर्टमध्ये जात. जुन्या सभासदांची खोली तिथली संगणक यंत्रणाच मांडून ठेवी. कुणाला काय लागतं ते तिच्या लक्षात असे, आणि वयानुसार पुढे काय लागेल याचा अंदाजही ती बांधी. त्यामुळे खोली दरवर्षी पाहुण्यांबरोबर थोडी म्हातारी होई.

पत्नी सुलभा गेल्याचं सामंतांनी तिथे कधी कळवलं नव्हतं. बुकिंग अजून दोघांच्या नावावरच होत होतं. ती गेली तेव्हा तिचे केस काळेभोर होते. पण इथे तिच्या उशाशी एका वर्षी मोठ्या अक्षरांचं मासिक आलं, नंतर कधीतरी तिच्या चहातली साखर बंद झाली.

यंदा पलंगाच्या तिच्या बाजूला वॉकर उभा होता. सामंतांनी तो हळूच हलवून पाहिला. त्याची उंची बरोबर सुलभाला लागेल इतकी होती. मग त्याच्या मुठीवर हात ठेवला.

रिसेप्शनवरची केतकी चहाचा ट्रे घेऊन आली. ती इथे नवीनच लागली होती. तिने एकदा दोन्ही कपांकडे पाहिलं, एकदा रिकाम्या पलंगाकडे.

"काका, गाडीतून तुम्ही एकटेच उतरलात. काकू नाही आल्या?"

सामंतांनी बिनसाखरेचा कप उचलून सुलभाच्या बाजूला ठेवला.

"येतेय सावकाश," ते म्हणाले. "गुडघे दुखतात हल्ली तिचे."