अस्वलाचं कपाट

"दाढ कुठे आहे?" डॉक्टरांनी दारातूनच विचारलं.

शिडीवर बसलेल्या मुलीच्या हातातला काळा मार्कर हवेतच राहिला. दातांचा दवाखाना दोन दिवस बंद होता. तेवढ्या वेळात तिने पेशंटच्या खुर्चीवरच्या छतावर चित्र काढायचं ठरलं होतं. हसरी दाढ, हातात ब्रश, शेजारी पेस्ट. तसा कच्चा नमुना तिने डॉक्टरांना दाखवून पक्काही करून घेतला होता. पण काल सुरुवात करण्याआधी ती सहज त्या खुर्चीत आडवी झाली आणि तिच्या मनात आलं, ज्याची दाढ दुखतेय त्याला वर पुन्हा दाढच कशाला दाखवायची?

त्यामुळे आता छतावर एक अस्वल बिऱ्हाड हलवत होतं. पुढे डोक्यावर भांडी घेतलेलं माकड, मागे गादीची वळकटी ओढणारी बदकं आणि मधोमध कपाट उचललेलं अस्वल. तेही अजून अर्धंच.

"मी सांगणारच होते," ती पुटपुटली. कॉलेजात सत्राचं काम म्हणून हेच चित्र जमा करायचं होतं, तेही डॉक्टरांच्या सहीनिशी.

"आपण नंतर बोलू." 'नंतर' या शब्दातच सगळं आलं. "तातडीचा पेशंट आहे. उतर खाली."

पण उतरायला सवडच मिळाली नाही. पेशंट आत आला तो दार भरूनच. एक गाल टम्म सुजलेला. लोकांचं घरसामान हलवणारा हा आडदांड माणूस शिडीला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "उद्या येतो ना."

"चार दिवस उद्याच चाललंय," मागून त्याची बायको म्हणाली. "अहो, पाच-पाच मजले फ्रीज चढवता आणि एका खुर्चीला भिता? व्हा आडवे!"

तो आडवा झाला. डॉक्टरांनी मुलीला हातानेच खूण केली, राहा तिथेच, हलू नकोस. शिडी त्याच्या पायांच्याही पलीकडे होती. मुलगी मांजरासारखी वर बसून राहिली.

इंजेक्शन कसंबसं झालं. जीभ जड झाली, गाल बधिर झाला. पण डॉक्टरांनी चिमटा उचलला आणि त्याने ओठ घट्ट मिटले.

"आ करा."

ओठ उघडले नाहीत. डोळे मात्र उघडले. ते छतावर गेले आणि तिथेच थांबले. कपाळावर आठी पडली.

"ए पोली," तो जड जिभेने म्हणाला, "कपाट अशं नाही धलत."

"बोलू नका," डॉक्टर म्हणाल्या आणि उघडलेल्या तोंडाची संधी साधली.

आता त्याला बोलता येईना. मग त्याने खुर्चीचे दांडे सोडले आणि दोन्ही हात हवेत उचलले. एक पंजा खाली, तळाशी. दुसरा वरच्या कोपऱ्याला. मुलीने पटकन पांढऱ्या रंगाने अस्वलाचे जुने हात पुसले आणि नवे काढले.

"असे?"

"आंहं." नाही. पंजा आणखी आत गेला.

"असे?"

"आँ!"

मग त्याने हवेतलं कपाट जरा अंगावर तिरकं घेतलं. पांघरलेल्या चादरीखाली गुडघे वाकवले. तिने अस्वलाचे गुडघे वाकवले. 'तुझी माणसं तरंगतात, त्यांना वजनच नाही,' असं कॉलेजातले सर वर्षभर सांगत होते. तिला ते कळायचं, पण हाताला उमजत नव्हतं. आता अस्वलाच्या पाठीतून भार सरकत खाली आला, गुडघ्यांत उतरला, तळव्यांनी जमीन दाबली. मुलगी आनंदाने "हां!" म्हणाली. खालूनही एक दणदणीत "आँ!" आला. त्याच क्षणी स्टीलच्या ताटलीत टण्णकन काहीतरी पडलं.

"झालं," डॉक्टर म्हणाल्या.

त्याने ताटलीकडे पाहिलंसुद्धा नाही. बोट अजून वरच होतं. कापसाचा बोळा चावत तो उठला.

"दुखलं का हो?" बायकोने विचारलं.

"दोली," तो बायकोला ओलांडून मुलीला म्हणाला. "कपाटाला दोली बांध. नाहीतल जिन्यात दालं उघदतात."

तिने दोरी काढली. दोन वेढे, घट्ट गाठ. गाठ पाहून मगच तो बायकोबरोबर बाहेर पडला.

दवाखाना शांत झाला. मुलगी खाली उतरली. तिने मार्करला टोपण लावलं, मग काढलं, मग परत लावलं.

"डॉक्टर, मी पांढरा हात मारून देते. संध्याकाळपर्यंत दाढ होईल."

डॉक्टर हात धूत होत्या. त्यांनी नळ बंद केला, हात पुसले आणि खुर्चीपाशी आल्या. दुसऱ्या कोणाची असावी तसं त्या खुर्चीकडे बघत राहिल्या. मग चपला काढून तिच्यात बसल्या.

"ते पेडल दाब."

मुलीने पेडल दाबलं. खुर्ची हळूहळू मागे गेली.

"बावीस वर्षं लोकांना इथे आडवं करतेय," डॉक्टर म्हणाल्या. "वर काय दिसतं, कधी पाहिलंच नाही."

डॉक्टरांनी माकड पाहिलं, भांडी पाहिली, अस्वलाकडे बराच वेळ पाहिलं.

"ते शेवटचं बदक उलटं कुठे निघालंय?"

"त्याला काहीतरी आठवलंय," मुलगी म्हणाली. "जुन्या घरी राहिलेलं."

"काय राहिलं असेल गं?"

आणि त्या बदकाकडे बघता बघता, कोणी न सांगताच, डॉक्टरांनी आ केला.