शनिवारची शिकवणी

आईपासून वेगळा राहणारा बाबा चिमणीला दर शनिवारी वाचनालयात आणायचा, वाचायला शिकवायला. वर्ष सरलं तरी गाडी पहिल्याच पानावर अडलेली! बाबा बिचारा घामाघूम, आणि ही आपली ‘क’ला बिनधास्त ‘फ’ म्हणायची.

आज बाबा फोनवर बोलायला बाहेर गेला. ग्रंथपालबाई पाहतात तर काय, कपाटाआड चिमणी एका रडक्या बाळाला जाडजूड गोष्टीचं पुस्तक घडाघडा वाचून दाखवतेय, तेही वाघाच्या डरकाळीसकट!

“अगं लबाडे! थांब, बाबांना सांगतेच. किती खूश होतील!”

चिमणीने बाईंचा हात घट्ट धरला.


“नका ना सांगू, मावशी. मला वाचता आलं की शनिवार बंद, असं आई-बाबांचं ठरलंय.”