ज्याचा दात पडलाय तो

वाचनालयातल्या शनिवारच्या गोष्टींसाठी मृणालिनीताईंनी दोन गट केले: लहानांना दहाला बेडकाची गोष्ट, मोठ्यांना अकराला भुताची. पण वय विचारलं की प्रत्येक मूल ‘सात’ सांगे. म्हणून त्यांनी नियमच केला: ज्याचा दुधाचा दात पडलाय, तोच भुताच्या गोष्टीला बसेल.

साडेतीन वर्षांच्या शाल्मलीने दारात ‘आ’ केला. दात सगळे जागच्या जागी. “तू दहाला यायचं हं, बाळा,” ताई म्हणाल्या. शाल्मली पाय आपटत निघून गेली.

पाच मिनिटांत ती आजोबांना हाताला धरून घेऊन आली.

“आजोबा, आ करा.”

आजोबांनी निमूटपणे कवळी काढली.

“ह्यांचे तर सगळेच पडलेत. ह्यांना बसू द्याल ना?”

“हो, बसू देत की,” ताई हसू दाबत म्हणाल्या.

“मग मी मांडीवर बसते. ते एकटे घाबरतात.”

गोष्टीतल्या भुताने दार वाजवलं, तशी मोठी मुलं एकमेकांना बिलगली. आजोबांनीही डोळे मिटले. शाल्मलीच तेवढी ओरडली, “अहो ताई, उघडा ना दार! किती वेळ बाहेर उभं राहील बिचारं?”