वासराचं कातडं

अठ्ठ्याहत्तर साली बहारीनला, अदलियातल्या घरी मेधाताई एका इंग्रज साहेबाच्या हजारेक वर्षं जुन्या लॅटिन पोथीची डागडुजी करत होत्या. बायबलवरचं भाष्य होतं ते. पण त्यांचं बाळ सांभाळणाऱ्या सत्यवतीला पोथी म्हणजे पोथी. तिनं वाकून हात लावला आणि कपाळाला नेला.

“अगं, ही पानं वासराच्या कातड्याची आहेत!”

सत्यवतीनं पानावरून पुन्हा हात फिरवला. “आमच्याकडं वासरू मेलं की त्याच्या कातड्यात पेंढा भरून गाईपुढं ठेवत्यात. मग ती चाटत ऱ्हाती आन पान्हा सोडती.”

“आणि गाईला कळत नाही?”

“कळतंय की, ताई.”

आत बाळ रडायला लागलं. वर्षापूर्वी गावी आपलं तान्हं पुरून आलेली सत्यवती धावत गेली आणि तिनं त्याला छातीशी धरलं.