कोर्टात खेचीन!

लेकीची चाकाची खुर्ची रस्त्यावर न्यायला शिवणवाल्या ताईंपुढे दोनच वाटा होत्या. एक पायऱ्यांची, दुसरी शेजारच्या म्हाताऱ्या वकीलकाकांच्या परसातून. ताई रोज परसातूनच जायच्या आणि रोज विचारायच्या, "काका, जाऊ ना?"

काका खिडकीतून खेकसायचे, "माझी परवानगी नाही, ऐकलंस? एक दिवस कोर्टात खेचीन!"

लेक बालवाडीतून कॉलेजात गेली. फाटकाला कुलूप कधी लागलं नाही, पण काकांच्या तोंडून एकदाही ‘जा’ निघालं नाही. कसला खाष्ट माणूस, असं पुटपुटत ताई खुर्ची ढकलायच्या.

आज काकांनी त्यांना दाराशी बोलावलं, तेही हसून. "या वाटेवरून तुझ्यावर दावा लावायची कायद्यातली मुदत काल संपली बघ. आता मलाच काय, माझ्या मुलालाही तुला अडवता येणार नाही. वाट तुझ्या हक्काची झाली."

ताईंनी विचारलं, "मग इतकी वर्षं नुसतं ‘जा’ म्हणायला तुमचं काय जात होतं, काका?"

"माझं काही नाही, तुझी वाट गेली असती. परवानगी घेऊन जाणाऱ्याला कायदा हक्क देत नाही, पोरी. मी ‘जा’ म्हटलं असतं, तर माझ्यामागे मुलानं ‘नको’ म्हटलं असतं."

ताईंना हुंदका आवरेना. काका पुन्हा खेकसले, "रडायचं तर तुझ्या वाटेवर जाऊन रड. माझ्या दारात नको!"