झाडाखालची तंगडी

मुलगा चार बुकं शिकला आणि आईला अडाणी ठरवून मोकळा झाला. प्रयोगशाळेत जन्माला घातलेल्या डायनासोरचा तो तज्ज्ञ, आणि मांस पुरवायला मात्र आईचंच दुकान! तीन दिवस जनावर रेड्याच्या तंगडीला तोंड लावत नव्हतं. रोज मुलगा ती उचलायला पिंजऱ्यात शिरायचा. परवा ती दाराशी होती, काल हौदापाशी, आज थेट पलीकडच्या झाडाखाली ओढून नेलेली. शेजारी जनावर डोळे मिटून निपचित पडलं होतं. “पोट भरलंय त्याचं, आई. उगीच घोर लावून घेऊ नकोस,” म्हणत त्याने कडी काढली. आईने गजांतून पाहिलं. बरगड्या मोजता येतील इतक्या वर आल्या होत्या. पापणीच्या फटीतून बुबुळ मुलामागे सरकत होतं. तिने कॉलर धरून त्याला मागे खेचलं. “तू कसला त्याला खाऊ घालतोस, दीडशहाण्या? तेच तुला चारा टाकतंय!”