गावातला एकुलता एक डॉक्टर

"ताई, सटवे, तो डॉक्टर माझा होता!" धाकटी कुमुद फोनवर रडत होती.

मोबाइलमधल्या गेममध्ये आम्ही दोघी एकाच गावात राहतो. तिथल्या डॉक्टरला अळूवडी दिली की त्याच्या नावापुढचा एक बदाम भरतो. दहा भरले की मागणी घालता येते. कुमुदचे नऊ झाले होते. मी गुपचूप दहा भरले आणि सकाळीच बार उडवला.

"बेचाळीस वर्षांपूर्वी मला बघायला आलेला मुलगा पोह्यांची बशी पुढे करून तूच पटकावलास ना?" मी म्हणाले.

तोच मुलगा, आता टक्कल पडलेला, फोनवर आला. "ताई, ती जेवत नाहीये हो."

"तुम्हालाही विसरले नाहीये, भालचंद्रराव. गेममध्ये तुमच्या नावाचं गाढव पाळलंय. रोज गोंजारलं नाही तर ते झुरतं. महिना झाला, मी हातही लावलेला नाही."